साठी, बुद्धी आणि घर

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात तथ्य किती, हे पाहायला कोणी थांबत नाही. आजोबा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधू लागले की नातवंडे हसतात, आणि मागून आजोबाही हसतात. हा विसर निरुपद्रवी आहे. वय वाढले की पाय मंद चालतात, तशी आठवणही मंद चालते; पण चालते. बाजारात गेलो आणि कोथिंबीर आणायची विसरलो, हे म्हातारपण झाले. बाजारातून घरी यायची वीस वर्षांची वाटच विसरलो, तर ते मात्र म्हातारपण नव्हे. तो आजार आहे. वैद्यकात त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. आज या आजाराविषयी, आणि त्याहूनही अधिक, तो जडलेल्या माणसाने राहायचे कुठे आणि कसे, याविषयी तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

मी डॉक्टर नव्हे. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. आणि त्या शास्त्राचा या बाबतीत किती थोडा उपयोग होतो, ते पुढे सांगणारच आहे.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील एका रुग्णालयात पन्नाशी नुकतीच ओलांडलेली एक बाई दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहितानादेखील मध्येच थांबावे लागे. तिला तपासणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू त्यांना दिसले. त्याच वर्षी त्यांनी ही हकीकत वैद्यांच्या सभेत मांडली. स्मृतिभ्रंशाची कारणे अनेक आहेत; मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यानेही तो होतो. पण सर्वांत अधिक आढळतो तो हा अल्झायमरचा आजार. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. म्हणजे शंभरांत सातांहून अधिक.

आता गंमत अशी की या आजारात सगळीच आठवण एकदम जात नाही. जुन्या पेढीवरचे दिवाणजी आठवा. दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहायचा आणि मग तिथून खतावणीत उतरवायचा. आपल्या मेंदूत कानशिलांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. आजच्या नोंदी कायमच्या वहीत उतरवण्याचे काम बहुतांशी त्याच्याकडे असते. अल्झायमरचा घाला बहुधा आधी त्याच्यावरच पडतो. दिवाणजीच उठून गेला की आजची नोंद खतावणीत पडत नाही. म्हणून सकाळी जेवलेले दुपारी आठवत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातला मांडव, वाढपी, जिलब्या सारे स्वच्छ आठवते. ती जुनी वही अजून कपाटात शाबूत असते. हा नियम तेओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच मांडून ठेवला होता. आणि त्याहूनही चिवट असते ती हातांची आठवण. शिवणे, निवडणे, टाळ वाजवणे या गोष्टी हात फार उशिरापर्यंत विसरत नाहीत.

हे मी पुस्तकात वाचले ते नंतर. आधी पाहिले ते घरात. माझी आत्या, बालविधवा, आयुष्यभर आमच्याकडेच राहिली. पंचाहत्तरी उलटल्यावर रोज दिवेलागणीला ती दोन लुगड्यांचे गाठोडे बांधून दाराशी जाऊन उभी राहू लागली. "मला घरी जायचंय," म्हणे. मी म्हणे, "आत्या, हेच तुझं घर." ती मान हलवी आणि पुन्हा कडीला हात घाली. एके दिवशी मी रेशनकार्ड काढले आणि त्यावरचे तिचे नाव आणि आमचा पत्ता तिला वाचायला लावला. तिने सावकाश वाचले आणि म्हणाली, "हो रे, नाव माझंच आहे. आता जाऊ दे मला घरी." माझे तर्कशास्त्र तिथे संपले. माझ्या पत्नीने तिच्या हातातले गाठोडे हळूच घेतले आणि म्हटले, "जाऊ या हं आत्या. पण तेवढ्या वाती वळून देता का? उद्या एकादशी आहे." आत्या खाली बसली. कापूस हातात आला, बोटे चालू लागली, आणि घटकाभराने घरी जायचे राहून गेले.

माझ्या पत्नीने जे सहज केले, तेच आज जगात शास्त्र म्हणून शिकवले जाते. आजारी माणसाशी वाद घालू नये. त्याच्या शब्दांमागची भीती ओळखावी. 'घरी जायचंय' याचा अर्थ 'मला इथे परकं वाटतंय' एवढाच असतो. संध्याकाळी ही बेचैनी वाढते, हाही या आजाराचा ओळखीचा भाग आहे. त्या वेळी दिवे लवकर लावावेत, गडबड कमी करावी, हाताला काम द्यावे.

हा विचार एका अख्ख्या वस्तीला लावून पाहिला तो हॉलंडमध्ये. ॲमस्टरडॅमजवळ वेस्प नावाचे जुने गाव आहे. तिथल्या एका शुश्रूषागृहात इव्होन फान आमेरोंगेन या बाई काम करत होत्या. त्यांचे वडील हृदयविकाराने एकाएकी वारले, तेव्हा दुःखाबरोबरच त्यांच्या मनात आले, 'बरे झाले, यांच्यावर शुश्रूषागृहात राहायची पाळी आली नाही.' जिथे आपण नोकरी करतो तिथे आपला बाप नको, हा विचार त्यांना बोचला. तिथून १९९२-९३ च्या सुमारास बदलाला आरंभ झाला, आणि २००९ साली त्याच जागी 'होगेवेक' ही वसाहत उभी राहिली.

बाहेरून पाहिले तर ती साधी गल्लीबोळांची वस्ती. आरंभी तेवीस घरे होती आणि सुमारे दीडशे माणसे. एकेका घरात सहा-सात जण, आणि तेही आवडीनिवडी नि राहणी जुळणारे. स्वयंपाक त्या त्या घरातच होतो, म्हणजे भाजीचा वास घरभर पसरतो आणि जेवणाची वेळ झाली हे घड्याळ न पाहताही कळते. वस्तीत किराणा दुकान आहे, उपाहारगृह आहे, नाट्यगृह आहे. सेविकांना पांढरा गणवेश नाही. बाहेर जाण्याचे दार एकच आणि त्यावर माणूस बसलेला. पण आतमध्ये कुठेही हिंडावे. जिना चढवत नसेल तर पाळण्यात नुसते उभे राहिले की तो आपोआप चालू होतो, कारण कोणते बटण दाबायचे हे आठवेलच असे नाही. यातली मेख ही की माणसाला कुलपात ठेवण्याऐवजी त्याच्याभोवतीचे जगच त्याला पेलेल एवढे केले आहे.

काहीजण विचारतात, ही फसवणूक नव्हे काय? खोटे गाव, खोटे दुकान? माझे मत असे की दुकानात खरोखर बटाटे मिळत असतील आणि ते खरोखर शिजत असतील, तर ते खोटे नव्हे. पण प्रश्न टाळण्यासारखा नाही. आईने 'हे अजून आले कसे नाहीत?' म्हणून वारलेल्या वडिलांची चौकशी केली, तर काय सांगाल? 'ते गेले' म्हटले तर तिला ते दुःख नव्याने होते, आणि तासाभराने पुन्हा. म्हणून जाणती माणसे म्हणतात, "त्यांची आठवण येतेय ना? त्यांना काय आवडायचं जेवायला?" यात असत्य एक अक्षर नाही, आणि घावही नाही.

होगेवेकमध्ये कोणी बरे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. या आजाराला आजही उतारा नाही. नवी औषधे निघाली आहेत, ती आरंभीच्या काळात त्याची चाल थोडी मंद करतात, इतकेच. शिवाय त्या वसाहतीच्या बांधकामाचा बहुतेक खर्च सरकारने उचलला होता. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे हा भार घर उचलते. 'आम्ही घरीच सांभाळतो' असे अभिमानाने सांगणारा मुलगा असतो, आणि सांभाळणारी बहुधा सून असते. रात्री तीन-तीनदा उठणारी, आंघोळ घालणारी, शिव्याही ऐकणारी. तिचे आजारपण कोणी मोजत नाही.

आमच्याकडेही तसेच झाले. आत्या एकदा एस. टी. स्टँडवर सापडली, एकदा रात्री गॅस उघडा राहिला, आणि पत्नीचे अंगावर काढलेले कंबरेचे दुखणे शेवटी तिला अंथरुणावर घेऊन गेले. तेव्हा आम्ही आत्याला शहराबाहेरच्या एका लहान सेवागृहात ठेवले. नातेवाईक काय बोलले ते इथे सांगत नाही. मी स्वतःला जे बोललो ते त्याहून वाईट होते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढे करा. प्रथम डॉक्टरांना दाखवा. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, मनाची उदासी, चुकीची औषधे यांनीही विसर पडतो, आणि तो दुरुस्त होऊ शकतो. दुसरे, शब्दांना फसू नका. वृद्धाश्रम वेगळा, निवृत्तांची सदनिका-वसाहत वेगळी आणि स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा करणारे गृह वेगळे. पुष्कळ वसाहतींत हिंडत्याफिरत्या माणसालाच जागा मिळते. अशा वसाहतींसाठी केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. पण अनामत रक्कम भरण्यापूर्वी 'पुढे आठवण गेली तर काय?' हे लेखी विचारून घ्या. तिसरे, शुश्रूषागृह पाहायला जाल तेव्हा फरशीची चकाकी पाहू नका. रात्री किती माणसे कामावर असतात ते विचारा. सेविका किती दिवस टिकतात ते विचारा, कारण रोज नवा चेहरा या माणसांना सोसत नाही. कोणी जेवायला नको म्हटले तर काय करता, आणि कोणाला खुर्चीला बांधता का, हेही विचारा. आणि जाताना माणसाबरोबर त्याची माहिती द्या. गाव, माहेर, आवडता चहा, भीती कशाची, हाताला सवय कशाची, असे एका वहीत लिहून द्या. आम्ही लिहिले होते, 'कापूस द्यावा.'

शेवटच्या वर्षी मी भेटायला गेलो, तेव्हा आत्याने मला ओळखले नाही. ताटात वातींचा ढीग पडला होता. तिने चेहरा वर करून विचारले, "आपण कोण?" मी नाव सांगितले. ते तिला लागले नाही. पण सरकून तिने बाकावर जागा केली आणि म्हणाली, "बसा. आता पानं घेतीलच, जेवूनच जा."

मी जेवून आलो.