न दिसणारा डाग

मित्रहो, मागच्या खेपेला एकांनी विचारलं होतं, की 'एखादी गोष्ट नाही' हे आपल्याला कळतं कसं? आज त्याचं उत्तर हॉटेलातल्या पलंगावर शोधू. हसू नका.

आमच्या वडिलांच्या पिढीत माणूस प्रवासाला निघाला, की वळकटी बरोबर असायची. अंथरूण आपलं, मळ असला तर तोही आपलाच. हॉटेलात मात्र काल परका माणूस झोपला तिथेच आज आपण झोपतो. कशाच्या भरवशावर?

पूर्वी हॉटेलांत गडद, फुलाफुलांचा पलंगपोस असे. शोभा होतीच, पण त्यावर डाग पडला तरी दिसत नसे. आतल्या चादरी बदलत, हा जड पलंगपोस मात्र प्रत्येक पाहुण्यामागे धुतला जाईलच असं नसे. १९९९ साली अमेरिकेतल्या 'वेस्टिन' या हॉटेलांनी 'हेवन्ली बेड' आणला. चादरी, अभ्रे, रजई, सगळं पांढरंशुभ्र. पुढे अनेकांनी तीच वाट धरली.

आता बघा. भाट्ट मीमांसक 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात. वस्तू दिसत नाही, म्हणून ती नाही. पण अट आहे: असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही, तर 'घडा नाही' म्हणता येतं. अंधारात म्हणता येत नाही. फुलाफुलांचा पलंगपोस म्हणजे अंधार. तिथे डाग न दिसणं हा कशाचाच पुरावा नाही. पांढरी चादर म्हणजे उजेड.

एकदा व्याख्यानासाठी परगावी एका लॉजवर उतरलो होतो. पलंगावर नक्षीची सोलापुरी चादर. मी म्हटलं, "छान आहे." आमच्या सौभाग्यवतींनी ती उचलून खिडकीपाशी धरली. चहाचा हा एवढा डाग! प्रमाणशास्त्र मी शिकवत होतो, वापरत त्या होत्या.

पांढऱ्या पलंगाच्या पायथ्याशी रंगीत आडवी पट्टी असते, तिला बेड रनर म्हणतात. खोली दवाखान्यासारखी दिसू नये हा एक हेतू. दुसरा, कोणी बॅग टेकवली, बुटांसकट पाय ठेवले, तर खालची रजई मळू नये. म्हणजे मळ झेलायलाच ती आहे! झोपताना घडी करून बाजूला ठेवावी, अंगावर ओढू नये.

पण इथे एक गफलत होते. जंतू पांढऱ्यावरही दिसत नाहीत. असते तरी दिसले नसते, म्हणून तिथे अनुपलब्धी चालत नाही. 'चादर गरम पाण्यात धुतली आहे' हे आपण कुणाच्या तरी शब्दावर मानतो. तो शब्द खरा करते ती खोली आवरणारी बाई आणि धुलाईघरातला माणूस. दोघांनाही आपण बहुधा बघत नाही. पण ते दिसत नाहीत म्हणून ते नाहीत, असं मात्र समजू नका.

पुढच्या वेळी शब्दप्रमाण. आता प्रश्न विचारा.