घर बघताना घड्याळही बघा

लग्न ठरले की घराचा शोध सुरू होतो. भाडे, डिपॉझिट, पाणी यांची चौकशी होते; प्रवासाचे तास मात्र मोजायचे राहतात.

समजा, पतीची नोकरी फोर्टला आणि पत्नीची ऐरोलीला आहे. कल्याणला भाडे कमी, पण दोघांचाही प्रवास लांबतो. ऐरोलीत घर घेतले तर पत्नीचा वेळ वाचतो. पण ती आधी घरी येते म्हणून सगळे घरकाम तिच्यावरच पडते. ठाण्याहून त्याला सीएसएमटीची जलद लोकल आणि तिला ट्रान्स-हार्बरची गाडी मिळते. दोघांचा थकवा जिथे सारखा, ती वस्ती बरी.

डिपॉझिट देण्यापूर्वी कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी दोघांनीही घर ते ऑफिस जाऊन पाहावे. रात्रीची सात तासांची झोप शिल्लक राहते का, ते मोजावे. सततच्या अपुऱ्या झोपेने रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. स्टेशन पंधरा मिनिटे चालण्यावर असेल तर कुरकुर नको. जाऊन-येऊन तीस मिनिटे, आठवड्याचे पाच दिवस भरभर चाललात की १५० मिनिटे होतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना किमान एवढाच व्यायाम सांगते.

१९४६ मध्ये बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. तो वेळ लोकलमध्ये आणि ओट्यापाशी संपू नये. घरकामाची वाटणी आधीच ठरवा: एकाने स्वयंपाक केला, तर दुसऱ्याने भांडी आणि सकाळचे डबे.