पूरग्रस्तांच्या मदतीला जायचंय? बॅग भरण्याआधी हे वाचा

पुराचे व्हिडिओ मोबाइलवर येऊ लागले की अनेकांना वाटतं, सुट्टी टाकावी आणि मदतीला निघावं. भावना चांगलीच आहे. पण तयारीविना गेलेल्या स्वयंसेवकाचीच सोय गावाला करावी लागते. मग कधी जायचं आणि काय न्यायचं? जाणून घेऊया.

लगेच का निघू नये?
सुरुवातीचं शोध आणि बचावाचं काम प्रशिक्षित पथकांचं असतं. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने पथकांना भर पावसात डोंगर चढून जावं लागलं. अशा ठिकाणी अननुभवी माणूस गेला, तर पथकाला त्याचीही काळजी घ्यावी लागते.

मग खरी गरज कधी?
पाणी ओसरल्यावर. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी उतरलं, पण घराघरांत, दुकानांत चिखल राहिला. तो काढायला फावडं, घमेलं घेऊन राबणारे हात लागतात. तोवर बातमी मागे पडलेली असते आणि मदतीला येणाऱ्यांची गर्दीही ओसरते.

साफसफाई करताना काय लक्षात ठेवायचं?
खराब झालेलं सामान घरमालकाला विचारल्याशिवाय फेकू नका. पंचनामा झालाय का, विमा आहे का, ते विचारा. आधी फोटो काढा. पुरावा नसेल तर भरपाई अडकू शकते. भिजलेली कागदपत्रं वेगळी वाळत घाला.

निघण्याआधी एवढं करा
• जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा. दुसऱ्या जिल्ह्यातून लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड जोडा. कुठे, किती माणसं हवीत ते विचारा.
• राहणं, जेवण, पिण्याचं पाणी यांची सोय स्वतः करा.
• गमबूट, हातमोजे, पॉवर बँक घ्या. चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. प्रतिबंधक गोळ्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.
• जुने कपडे नेऊ नका. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत अशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते.

प्रशिक्षण मिळतं का?
हो. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत स्थानिक स्वयंसेवकांना 12 दिवसांचं प्रशिक्षण दिलं गेलं. देशातील 350 जिल्ह्यांत 1 लाख स्वयंसेवक तयार करण्याचं उद्दिष्ट ठेवण्यात आलं होतं. तुमच्या जिल्ह्यात आता प्रशिक्षणाची तुकडी आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन विभागात विचारा.

किती दिवस जावं?
चार दिवस असतील तर चार गावं फिरू नका, एकाच गावात थांबा. परतताना कोणती घरं साफ झाली, कोणती राहिली, याची यादी ग्रामपंचायतीकडे द्या. म्हणजे पुढच्या गटाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.