आजारपणाचा खर्च : सरकारी कार्डापलीकडे काय करावे?

मालात खोट आली तर एक मोसम जातो. घरातले मोठे आजारपण मात्र भांडवलच खाऊन टाकते. आपल्या दुकानदारांचे, शिंपी-रंगारी कारागिरांचे भांडवल आणि घरखर्च बहुधा एकाच गल्ल्यात असतात. दवाखान्याचे बिल भरले की ठोक व्यापाऱ्याची उधारी थकते आणि पुढचा माल मिळत नाही. यावर काय करता येईल, त्याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

आधी सरकारी योजना पाहू. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. अकोल्याला ती 2013 साली मिळाली. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पूर्वीचे दीड लाखाचे संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. ज्यांनी कार्ड काढले नसेल त्यांनी ते आधी काढावे. पण ठरलेले उपचार ठरलेल्या रुग्णालयांतच मिळतात. रोजच्या गोळ्या आणि बंद दुकानाचे नुकसान त्यात येत नाही.

सरकारशिवायचा एक प्रयोग आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात झाला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने ज्वारीचा आरोग्य विमा उभा राहिला. सुगीत घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. बदल्यात उपचार मोफत किंवा सवलतीत. मात्र गावातील बहुतांश घरे सामील झाली पाहिजेत, अशी अट होती. यातच विम्याचे मर्म आहे. फक्त आजारी माणसांनीच वर्गणी भरली तर निधी लगेच संपतो. निरोगी माणसाचा पैसा आजाऱ्याच्या कामी येतो, तेव्हाच गाडी चालते. ज्वारीतून सगळा खर्च निघत नव्हता, त्या संस्थेला सरकारी अनुदानही होते, हेही लक्षात ठेवावे.

आता बाजारातला हिशेब. समजा 200 दुकानांनी दरमहा 100 रुपये जमा केले. वर्षाला 2 लाख 40 हजार होतात. हृदयाच्या एकाच मोठ्या शस्त्रक्रियेत ते संपू शकतात. म्हणून असा निधी औषधे, तपासण्या आणि बिनव्याजी उसनवारीपुरता ठेवावा. मोठा धोका विमा कंपनीवर सोपवावा.

येथे दोन वाटा आहेत. एक, व्यापारी संघटनेमार्फत गट पॉलिसी. मात्र केवळ विम्यासाठी गट बनवलेला चालत नाही, संघटना खरी हवी. दुसरी, कुटुंबाची स्वतःची पॉलिसी. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा पॉलिसीवरील 18 टक्के जीएसटी माफ झाला आहे. गट पॉलिसीवर ही माफी नाही. तेव्हा दोन्हींचे भाव कर धरून तोलावेत.

पॉलिसी घेताना जुना बीपी-शुगर लपवू नये. लपवाछपवीवर दावा फेटाळला जातो. जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. खोलीभाड्याची मर्यादाही वाचावी. मर्यादा रोज 3 हजार असताना 6 हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसह इतर खर्चही निम्माच मिळतो.

व्याज आणि अनिश्चिततेमुळे अनेक बंधूंना विम्याविषयी शंका आहे. जेद्दाह येथील फिकह अकादमीने 1985 साली व्यापारी विमा नाकारला आणि परस्पर सहकाराचा विमा मान्य केला. मलेशियात 1984 पासून त्यासाठी तकाफुलचा कायदा आहे. आपल्याकडे विमा कंपनी काढायला किमान 100 कोटी भांडवल लागते, त्यामुळे ते एका बाजारपेठेचे काम नाही. पॉलिसीचा मसुदा जाणकार उलेमांना दाखवून आपला निर्णय घ्यावा.

निर्णय कोणताही असो, घरातली माणसे धडधाकट असतानाच तो घ्यावा. आजारपण दारात आल्यावर कंपनी भाव वाढवते, सावकारही वाढवतो.