‘लवकर करा’ म्हणजे नेमकं कधी?

परवा वेल्ह्याहून पुढे पासलीला गेले होते. बचत गटाची बैठक होती. पण बैठक राहिली बाजूला, सगळ्या जणी मोबाईलभोवती गोळा झालेल्या! गटाच्या हिशेबाच्या ॲपमध्ये हप्ता भरलेल्या सहा जणींच्या नावापुढे ‘थकबाकी’ दिसत होती. सचिवताईंनी पाच वेळा तक्रार पाठवली होती. ‘ॲप चालत नाही. खूप अर्जंट. लवकर करा.’ उत्तर नाही.

“ताई, आम्हा खेड्यातल्यांना कोण विचारतंय?” त्या म्हणाल्या. मी मेसेज वाचला आणि मनात आलं, तिकडे मी बसले असते तर मला तरी यातून काय कळलं असतं?

मैत्रिणींनो, ॲप दुरुस्त करणाऱ्यांपुढे तक्रारींचा ढीग असतो आणि प्रत्येकीवर ‘अर्जंट’ लिहिलेलं असतं. त्यांना कळायला हवं ते वेगळंच. काम पूर्ण अडलंय की नुसता त्रास होतोय? किती जणींचं अडलंय? दुसरी वाट आहे का? उशीर झाला तर नुकसान काय? डॉक्टरांना आपण ‘बाळ बरं नाही’ एवढंच सांगतो का? ‘कालपासून ताप आहे, दूध पीत नाही’ असं सांगतो ना!

‘लाडकी बहीण’ योजनेचं ई-केवायसी आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ते सुरू झालं. स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा. दोघंही हयात नसतील तर तो आणायचा कुठून? मुदत १८ नोव्हेंबरची, आणि प्रश्न दरमहा १५०० रुपयांचा. कोणाचं, कुठे आणि कधीपर्यंत अडलंय, हे यात स्पष्ट होतं. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. अशा बहिणींनी स्वतःचं ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, असा मार्ग निघाला.

मग आम्हीही तिथेच नवी तक्रार लिहिली. ‘सहा सभासदांनी ५ तारखेला हप्ता भरला. नोंद केल्यावर “जतन झाले” असं येतं, पण यादीत थकबाकी दिसते. २० तारखेला कर्जाचा प्रस्ताव बँकेत द्यायचा आहे. तोवर दुरुस्ती झाली नाही तर सगळ्या गटाचं कर्ज अडेल. तोपर्यंत दुसरा मार्ग असल्यास कळवा.’ सोबत पावत्या, स्क्रीनचा फोटो आणि फोनचं मॉडेल. आधार आणि खाते क्रमांक मात्र झाकले. ओटीपी तर कोणालाच द्यायचा नाही!

दुसऱ्या दिवशी फोन आला. ‘दुरुस्ती करतोय, तोवर सही-शिक्क्याचा हाती लिहिलेला हिशेब जोडा.’ प्रस्ताव वेळेत गेला.

आणि हो, अक्षर बारीक दिसतं म्हणून ‘अर्जंट’ लिहू नका. खरी अडचण येईल तेव्हा त्या शब्दाला किंमत उरायला हवी ना!