सी हॉक ते सी हॅरियर : भारतीय नौदलाची ब्रिटिश लढाऊ विमाने

गोव्यातील बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल हवाई संग्रहालयात दोन ब्रिटिश लढाऊ विमाने पाहायला मिळतात : सी हॉक आणि सी हॅरियर. नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या 'व्हाइट टायगर्स' तुकडीने ही दोन्ही वापरली.

सी हॉक 'विक्रांत'वरून उडे. डेक छोटा, म्हणून वाफेवर चालणारा कॅटापल्ट त्याला पुढे फेके. उतरताना शेपटीचा हूक डेकवरच्या तारेत अडकून ते थांबे. समोरचा वाराही हवा, आणि तो जहाजाच्या वेगाने वाढतो. १९७१च्या युद्धात विक्रांतचा एक बॉयलर निकामी होता, वेग कमी होता. तरीही सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले.

१९८३मध्ये सी हॅरियर आले. त्याच्या पेगासस इंजिनाची चार तोंडे खाली वळवली की विमान तरंगत सरळ खाली उतरते. सरळ वर मात्र क्वचितच उडवत, कारण त्यात शस्त्रे आणि इंधन कमी नेता येते. त्याऐवजी ते थोडे धावून वर वळलेल्या डेकवरून झेपावे.

या सोयीची किंमतही होती. तरंगताना पंखांचा आधार नसतो, सगळा भार इंजिनावर. तेव्हा बिघाड झाला तर सावरायला वेळच उरत नाही. सेवाकाळात अपघातांत अनेक विमाने आणि काही वैमानिक गेले.

ब्रिटनने सी हॅरियर २००६मध्ये निवृत्त केले. भारताने ते आणखी दहा वर्षे चालवले. मे २०१६मध्ये दाबोळीच्या 'हंसा' तळावर त्याला निरोप दिला गेला आणि त्याची जागा रशियन मिग-२९के विमानांनी घेतली.