वर्णपटातली मरणरेषा

अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी अवकाशातून आलेला गॅमा किरणांचा एक झोत टिपला. जगाला हे कळायला १९७३ उजाडलं. झोत कुठून येतात, याचा वाद पुढची पंचवीसेक वर्षं गाजला आणि १९९७मध्ये दूरच्या दीर्घिकांकडे बोट दाखवून निकालात निघाला. ते किरण मुळात निर्माण कसे होतात, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

१९८६मध्ये पाचिन्स्की आणि गुडमन यांनी अग्निगोलाची कल्पना मांडली. इवल्याशा जागेत अफाट ऊर्जा कोंडली, तर बाहेर पडणारा प्रकाश तापलेल्या लोखंडासारखा, निव्वळ उष्णतेचा दिसायला हवा. कॉम्प्टन वेधशाळेवरच्या ‘बॅट्सी’ उपकरणाला दिसलं वेगळंच. वर्णपट ऐसपैस पसरलेले होते. १९९३मध्ये डेव्हिड बँड आणि सहकाऱ्यांनी दोन उतार गुळगुळीत वळणाने जोडणारं एक सूत्र दिलं. त्यात भौतिकशास्त्र औषधालाही नव्हतं, तरी ते अशा जवळपास प्रत्येक गॅमा-किरण स्फोटाला बसलं आणि आजही वापरात आहे.

मग सिंक्रोट्रॉनचा पर्याय पुढे आला. स्फोटातून उसळलेल्या द्रव्याचे वेगवान थर पुढच्या मंद थरांवर आदळतात आणि चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन प्रारण सोडतात. पण या गणितात कमी ऊर्जेकडच्या उताराचा घातांक उणे २/३च्या वर जाऊच शकत नाही. इलेक्ट्रॉन झपाट्याने थंड होत असतील, तर तो उणे ३/२ हवा. प्रत्यक्षात बहुतेक स्फोट उणे १च्या आसपास! १९९८मध्ये प्रीस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की बरेच स्फोट उणे २/३ची मर्यादाही ओलांडतात. तिला नाव पडलं मरणरेषा.

सिंक्रोट्रॉन मात्र मेलं नाही. २०२०मध्ये बर्जेस यांच्या गटाने बँडचं सूत्र बाजूला ठेवून, फर्मी दुर्बिणीच्या मूळ नोंदींना थेट सिंक्रोट्रॉनचं गणित लावलं, आणि बहुतेक वर्णपट त्यात बसले. म्हणजे इतकी वर्षं सिद्धान्ताची परीक्षा एका सोयीच्या सूत्राच्या चष्म्यातून चालली होती. उलट बाजूला २००९चा ०९०९०२बी हा स्फोट आहेच. त्यात उष्णतेचा उंचवटा स्पष्ट दिसतो.

वर्णपटाने निकाल लागेना, तेव्हा किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरींची ठरावीक दिशेतली कंपनं, मोजणं आलं. २०१५मध्ये झेपावलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या, मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने बांधलेल्या सीझेडटीआय या उपकरणाने १६०८२१ए या स्फोटात ध्रुवीकरणाची दिशा सुमारे ९० अंशांनी दोनदा फिरल्याचं नोंदवलं. अशा उलटापालटीत सगळ्या स्फोटाची सरासरी काढली, तर ध्रुवीकरण पुसलं जातं. चीनच्या ‘पोलर’ उपकरणाला सरासरी ध्रुवीकरण कमी मिळालं, त्याचं एक कारण हे असू शकतं.

९ ऑक्टोबर २०२२च्या विक्रमी स्फोटाने आणखी गुंता केला. फर्मीच्या नोंदींत सुमारे १२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला एक अरुंद रेषा सापडली, ती हळूहळू ६पर्यंत घसरली. ती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या विलोपनाची असावी, असं २०२४चा शोधनिबंध म्हणतो. बँडच्या सूत्रात अशा रेषेला जागाच नव्हती.